आंजर्ल्याच्या घरी सोळा रात्री

आपल्याकडे निघताना "जाते" म्हणत नाहीत, "येते" म्हणतात. दारात आलेल्या पाहुण्याला "कधी आलात?" असे कौतुकाने विचारतात, पण "कधी जाणार?" हा प्रश्न ओठांवर आला तरी गिळून टाकायचा, असेच आपल्या आया-सासवांनी आपल्याला शिकवले. अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही तो, असा त्या शब्दाचा अर्थ शाळेत बाईंनी सांगितलेला बहुतेकींना आठवत असेल.

पण मैत्रिणींनो, हल्ली आपल्या घरांतून एक निराळाच पाहुणा दिसू लागला आहे. यजमान घरी असताना तो येत नाही, ते गावाला जातात तेव्हा येतो. घर राखतो, तुळशीला पाणी घालतो, कुत्र्या-मांजरांना खाऊ घालतो आणि यजमान परतले की आपल्या घरी जातो. मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशात, घरी दोघेच म्हातारा-म्हातारी आणि एक जीव लावलेले जनावर, अशी घरे आता गावोगाव आहेत. त्यांना लग्नाला जायचे असो की दवाखान्यात, पहिला प्रश्न असतो, "ह्याला कोण बघणार?" मग कुणी भाची, कुणी चुलत नणंद, कुणी नुकती निवृत्त झालेली मैत्रीण बॅग भरून येते. ह्या पाहुण्याला मात्र तिथी हवी, वार हवा आणि घड्याळातली वेळसुद्धा हवी. ती विचारण्यात उद्धटपणा नाही आणि सांगण्यात संकोच नको, हे मला आंजर्ल्याला चांगले समजले.

आंजर्ले हे रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात, जोग नदीच्या खाडीवर वसलेले गाव. दापोलीपासून वीस-बावीस किलोमीटर. पुण्याहून स्वारगेटला दापोलीची एस.टी. धरली की सहा-सात तासांची निश्चिंती. २०२३ सालापासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे, त्यामुळे आम्हां दोघांच्या तिकिटांत ह्यांचेच तिकीट भारी! रेल्वेने यायचे तर कोकण रेल्वेचे खेड स्टेशन जवळचे, तिथून दापोली तीसेक किलोमीटर. पूर्वी हर्णैकडून आंजर्ल्याला यायचे म्हणजे तरीतून खाडी ओलांडायची. आता पूल झाला आहे.

ह्यांच्या मामांचे घर तिथे आहे. जांभ्या दगडाचे, पुढे ओटी, मग माजघर, मागल्या दारी विहीर आणि विहिरीपलीकडे नारळ-पोफळीचे आगर. घरात मामा, मामी, मनी नावाची मांजर आणि काळू. काळू हा बारा वर्षांचा गावठी कुत्रा. अंगणात वांदर उतरले की अजूनही छाती काढून भुंकतो, पण दोन वर्षांपूर्वी त्याला फिट्स येऊ लागल्या. दापोलीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. सकाळी सातला एक, संध्याकाळी सातला एक. बारा तासांचे अंतर सांभाळायचे आणि गोळी एकाएकी बंद करायची नाही, केली तर झटके बळावतात, असे त्यांनी बजावून सांगितलेले.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मामांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन पुण्याला ठरले. लेक तिथेच राहते, तेव्हा उतरायचा प्रश्न नव्हता. प्रश्न काळूचा होता. मामींनी मला फोन केला.

"अगो, तुम्ही दोघं याल का? पण मी आधीच सांगते हो, गुरुवारी संध्याकाळच्या गाडीने या. आम्ही शनिवारी पहाटेच्या गाडीने निघू."

मी म्हटले, "मामी, शुक्रवारी रात्रीपर्यंत आलो तर नाही चालणार? एक दिवस वाचेल."

"नाही चालायचं," मामी म्हणाल्या. "मधला शुक्रवार मला अख्खा हवा."

मधला अख्खा दिवस

तो शुक्रवार कशासाठी हवा होता, ते तिथे गेल्यावर उमगले. गावात संध्याकाळी येणारी एस.टी. रात्री तिथेच वस्तीला राहते आणि उजाडता परत निघते. आदल्या संध्याकाळी आम्ही येऊन दुसऱ्या दिवशी पहाटे मामा-मामी निघाले असते, तर हातात उरली असती ती फक्त रात्र. त्या रात्रीत जेवणे व्हायची, त्यांच्या बॅगा भरायच्या, आणि विहिरीच्या पंपाचे बटण कुठे, गॅसचा नंबर कुठे, दूधवाल्याचा हिशेब कसा हे कंदिलाच्या घाईने सांगायचे. त्यात काळूने आम्हांला धड ओळखलेही नसते.

शुक्रवारी सकाळी सातला मामींनी गोळी दिली आणि मी बघितले. भाकरीचा मऊ तुकडा, त्याला बोटभर तूप, तुकड्याच्या पोटात गोळी. वरून साधा तुकडा लगेच द्यायचा, म्हणजे पहिला तो चावत बसत नाही. संध्याकाळी सातला गोळी मी दिली आणि मामी बघत उभ्या राहिल्या. काळूने तुकडा घेतला, पण मान वळवून मामींकडे बघितले. त्यांनी मान हलवली, तेव्हा गिळला! मग रात्रीच्या जेवणाला मामी मुद्दाम शेजारी जाऊन बसल्या. त्या दिसेनात तेव्हा तो थोडा वेळ ओटीवर घुटमळला आणि शेवटी माझ्या हातून जेवला. हे सगळे एका रात्रीत झाले नसते.

शेजारच्या वहिनींनाही मामींनी त्या दिवशी दोन्ही वेळा बोलावून घेतले होते. "तूही बघून ठेव गो," एवढेच म्हणाल्या. त्याचा उपयोग पुढे यायचा होता.

रात्री ओटीवर बसून आम्ही येण्या-जाण्याचे सगळे कागदावर लिहिले. मामांना हा प्रकार पसंत नव्हता. "घरच्या माणसांत कागद कशाला?" ते म्हणाले. मामी म्हणाल्या, "घरचीच आहेत म्हणून तर. परक्याला वेळ चुकली तर तो बोलून मोकळा होतो, घरची माणसं मनात ठेवतात."

कागदावर असे होते: ऑपरेशन सोमवारी, दुसऱ्या दिवशी तपासणी, पुढच्या सोमवारी पुन्हा तपासणी, बुधवारी संध्याकाळच्या गाडीने मामा-मामी परत. गुरुवार मधला दिवस. शुक्रवारी पहाटे आम्ही निघायचे. त्याखाली मी माझी अडचण लिहिली. त्याच्या पुढच्या सोमवारी पुण्याला आमच्या घरी माझ्या सासऱ्यांचे वर्षश्राद्ध होते. ती तिथी काही पुढे-मागे करता येत नाही. तेव्हा फार तर आणखी एक दिवस, शनिवारी पहाटेपर्यंत. त्यापुढे आम्ही थांबू शकत नाही. लिहिताना माझा हात जरा जड झाला होता, खरे सांगते. मामा दवाखान्यात जाताहेत आणि आपण आपल्या जाण्याचे बोलतो आहोत, असे वाटले. पण मामींनी ती ओळ वाचली आणि तिच्याखाली स्वतःच्या हाताने लिहिले, "त्यापुढे वहिनी."

बारा तासांचा दोर

शनिवारी उजाडता मामा-मामी गेले आणि आमचा दिवस सात ते सात असा सुरू झाला. तुम्ही म्हणाल, मग फिरणे कसले झाले? पण उलट, वेळ बांधलेली असली की गाव जास्त नीट दिसते, असा माझा अनुभव आहे. नुसते प्रवासी म्हणून गेलो असतो तर दोन दिवसांत चार देवळे आणि तीन किनारे उरकून परतलो असतो.

सकाळची गोळी झाली की पाखाडीने चढून कड्यावरच्या गणपतीला जायचे. मूर्ती उजव्या सोंडेची. देवळाच्या बाजूने खाली बघितले की माडांचे गर्द आगर, पलीकडे शुभ्र वाळूची पट्टी आणि समुद्रात सुवर्णदुर्ग. कान्होजी आंग्रे ज्या किल्ल्यावरून दर्यावर धाक ठेवत तोच हा. पुढे १७५५ साली पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तो तुळाजी आंग्रे यांच्याकडून घेतला. सकाळच्या उन्हात इतका शांत दिसतो, की इथे तोफा उडाल्या असतील असे वाटत नाही.

दुपारी आगराला पाणी. पंप लावून पाटात पाणी सोडायचे आणि एकेक आळे भरले की बांध फोडून पुढच्या आळ्यात घ्यायचे. हे काम ह्यांनी आपणहून मागून घेतले आणि पहिल्या दिवशी पाणी घालता घालता स्वतःच न्हाऊन निघाले.

एका दुपारी हर्णैला मासळीचा लिलाव पाहायला गेलो. होड्या आल्या की किनाऱ्यावर टोपल्यांचे ढीग पडतात आणि भराभर बोली चालते. कोळणींचा तो झपाटा बघण्यासारखा असतो. पण गंमत अशी, की होड्या कधी येणार हे आम्हांला ठाऊक नव्हते आणि सातच्या आत घरी पोचायचे होते. वहिनींनी तोडगा सांगितला. समुद्राचे घड्याळ तिथीवर चालते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. रोज पाऊण तासाने पुढे. थोडा इकडे-तिकडे फरक पडतो, पण शहरातून आलेल्याला पुरेसा! किनाऱ्यावर फिरायला निघताना मग मी रोज कालनिर्णय बघू लागले.

आसूदच्या केशवराजाला मात्र एक अख्खी सकाळ दिली. दापोली-हर्णै रस्त्यावर आसूद लागते. पोफळींच्या दाट सावलीतून उतरायचे, ओढ्यावरचा साकव ओलांडायचा आणि पायऱ्या चढून देवळापाशी यायचे. अंगणात गोमुखातून झऱ्याचे गार पाणी पडत असते. श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू' या कादंबरीने मराठी वाचकांना हा सगळा परिसर ओळखीचा करून दिला. तुम्ही ती वाचली असेल, तर त्या सावलीत पाऊल टाकताच ओळख पटेल.

आणि कासवांची पिले! फेब्रुवारी हा त्यांचा हंगाम. ऑलिव्ह रिडले जातीची मादी थंडीत रात्री वाळूवर येते, शंभरेक अंडी पुरून समुद्रात परत जाते, पुन्हा फिरकतही नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला २००२ साली ही अंडी राखायला सुरुवात केली आणि मग आंजर्ल्यासारख्या गावांनीही ते काम उचलले. अंडी जाळीच्या कुंपणात नेऊन पुरतात. पन्नासएक दिवसांनी पिले वर येतात आणि सकाळ-संध्याकाळ त्यांना पाण्याकडे सोडतात. कुठल्या दिवशी निघतील ते नक्की सांगता येत नाही. आम्ही तीन सकाळी हात हलवत परतलो, चौथ्या दिवशी नऊ पिले निघाली. तळहाताहून लहान, पण एकदा लाटेचा वास लागला की वळून बघत नाहीत. सातच्या गोळीमुळे मी किनाऱ्यावर थोडी उशिराच पोचत असे, पण राखणारे दादा म्हणायचे, "चालंल वैनी, पिलां काय एस.टी. पकडायची नाय."

मुक्काम लांबला तेव्हा

दुसऱ्या सोमवारी दुपारी मामींचा फोन आला. आवाज पडलेला. डोळ्याला लाली होती आणि डॉक्टरांना मामांना पुढच्या सोमवारी पुन्हा बघायचे होते. तोवर प्रवास नको, धूळ नको, वाकणे नको. "पण हे ऐकत नाहीत गो. म्हणतात, तुम्हांला श्राद्धाला परतायचं, काळूला कोण बघेल, बुधवारी निघूच. एक डोळा झाकून येईन म्हणतात."

कागद फळीवर कालनिर्णयाशेजारीच टांगलेला होता. मी म्हटले, "मामी, त्यांना फोन द्या." आणि मामांना वाचून दाखवले. आमची शेवटची वेळ शनिवारी पहाटे. त्यापुढे वहिनी. म्हणजे शुक्रवार हा मधला दिवस धरायचा, काळूला वहिनींच्या हातून दोन्ही गोळ्या द्यायच्या आणि आम्ही निघायचे. "हे सगळं तुमच्याच ओटीवर ठरलंय, मामा. आयत्या वेळी कुणाच्या पाया पडायला नको की काही नको."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "गोळ्या आहेत का पुरेशा?"

गोळ्या होत्या. मामींनी बारा दिवसांच्या चोवीस आणि वर आठ दिवसांच्या सोळा अशा चाळीस मोजून ठेवल्या होत्या. शुक्रवारी रात्रीपर्यंत माझ्या हातून अठ्ठावीस संपणार होत्या. बारा उरत होत्या, म्हणजे वहिनींना सहा दिवस पुरतील इतक्या. मामा "बरं" म्हणाले. तो "बरं" ऐकून मामी तिकडे रडल्या असाव्यात, कारण फोन तसाच चालू राहिला आणि कुणी बोलेना.

शुक्रवारी वहिनी दोन्ही वेळा आल्या. काळूला त्या परक्या नव्हत्याच. दुपारी मी त्याची नजर चुकवून बॅगा माजघरात भरल्या. बॅग दिसली की जनावर अस्वस्थ होते, ते मामा-मामींच्या वेळी पाहिले होते. वहिनींना मी उरलेल्या गोळ्या मोजून दिल्या, गॅस कुठल्या तारखेला बदलला ते सांगितले, दुधाचे पैसे चुकते केले आणि किल्ली दिली. शनिवारी पहाटे आम्ही वस्तीच्या गाडीने निघालो. काळू बेड्यापर्यंत आला. गाडी हलली तेव्हा वहिनींनी त्याला हाक मारली आणि तो मागे वळला.

मामा सोमवारी तपासणी करून, काळा चष्मा लावून थेट आमच्याकडे श्राद्धाच्या जेवणाला आले. डोळा उत्तम होता. बुधवारी संध्याकाळी दोघे आंजर्ल्याला पोचले. रात्री मामींचा फोन आला, "दोन गोळ्या उरल्या हो!"

ठरवताना एवढे बघा

आंजर्ल्याहून आल्यावर मी ओळखीच्या चार-सहा जणींशी बोलले. जवळजवळ प्रत्येकीकडे अशी एक गोष्ट होती आणि बहुतेक गोष्टींत खोट एकच. दिवस ठरला होता, वेळ ठरली नव्हती. आमच्या ओळखीच्या एक बाई ठाण्याला मावसबहिणीचा फ्लॅट आणि पोपट सांभाळायला गेल्या होत्या. "रविवारी येतो," असे बहिणीने सांगितले. ह्यांनी रविवार म्हणजे सकाळ धरली आणि दुपारच्या गाडीचे तिकीट काढले. मंडळी उगवली रात्री अकराला. तिकीट वाया गेले, आठ जणांचा केलेला स्वयंपाक गार झाला, आणि झोपायला गाद्या पुरेनात. दोघीही बोलल्या काहीच नाहीत, पण पुढच्या दिवाळीला फराळाचा डबा काही आला नाही.

तेव्हा वारासोबत वेळ विचारा. "रविवारी" म्हणजे सकाळी, दुपारी की झोपायच्या वेळी? रात्री उशिराची गाडी किंवा विमान असेल तर विशेष जपा. शनिवारी रात्री साडेबाराचे विमान हे तिकिटावर रविवारचे असते. मुले परदेशी असलेल्यांना ही फजिती चांगली ठाऊक आहे.

दोन्ही टोकांना माणसे एकत्र किती वेळ राहणार तेही ठरवा. जाताना मधला अख्खा दिवस मिळाला तर सोन्याहून पिवळे. तेवढी सवड नसेल तर जनावराची निदान दोन जेवणे तरी दोघींच्या समोर व्हावीत. परतताना यजमानीण दारात आणि राखणारी रिक्षात, असे होऊ देऊ नका. एक चहा, एक हिशेब, औषध किती उरले ते दाखवणे एवढा वेळ हवाच. ह्या एकत्र रात्रींत कोण कुठे झोपणार आणि स्वयंपाक कोण करणार, हेही आधीच बोलून टाकावे. लहान घरात ह्याच गोष्टी टोचतात.

तिकिटे काढताना आधी यजमानांचे परतीचे तिकीट, मग राखणारीचे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधीच उघडते, पूर्वी ते १२० दिवस होते. त्यामुळे आता फार आधीपासून परतीची तारीख पक्की होत नाही, तेव्हा तोंडी ठरलेले लिहून ठेवणे अधिक गरजेचे. दवाखान्याचे काम असेल तर परतीची तारीख लांबणार असे धरूनच चाला आणि औषधे, खाणे आठ दिवसांचे जास्त ठेवा.

राखायला जाणारीने आपली शेवटची वेळ पहिल्याच दिवशी सांगावी. आपल्यालाही घर आहे, तिथी-वार आहेत. ती वेळ शेवटच्या दिवशी सांगितली तर अडवणूक होते, पहिल्या दिवशी सांगितली तर तिच्यापुढची व्यवस्था होते. आणि त्या वेळेपुढे कोण, ते एक नाव कागदावर हवेच. त्या माणसाने जनावराला एकदा तरी स्वतःच्या हाताने खाऊ घातलेले असावे.

हे सारे विचारायला जीभ अडखळेल, मान्य आहे. पण मामींसारखे सरळ विचारून पाहा. पाहुणचारात काही उणे पडत नाही. येत्या मार्गशीर्षात मामांच्या दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन आहे. मामींनी आतापासून विचारले आहे, "गुरुवारी येशील ना? आणि जाशील कधी ते आत्ताच सांग."